चालू झालेलं भंगार

कंपनीच्या गेटपासवर नटुभाईंनी हिंदीत चारच शब्द लिहिले होते, 'कम्प्यूटर डिब्बा, बंद हालत'. त्याखाली वजन, नटुभाईंची सही आणि शेजारी आप्पांनी अडखळत काढलेलं स्वतःचं नाव. एवढ्याशा चिटोऱ्यावरून पुढे जो तमाशा झाला तो आठवला की चाळिशी ओलांडल्यावरही माझी कानशिलं तापतात. आप्पा म्हणजे माझे वडील. ते एका धागा कंपनीत पॅकिंगला होते आणि नटुभाई तिथले स्टोअरकीपर. दिवाळीच्या आधी स्टोअर रिकामं करायची तिथे पद्धत होती. वर्षभरात निकामी झालेले पंखे, मोटारी, मोडक्या खुर्च्या असं सगळं मागच्या शेडमध्ये आणून टाकायचं, आणि भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी कामगारांनी त्यातलं हवं ते किलोच्या भावानं न्यायचं. लोक लोखंडी पेट्या नेत, पत्रे नेत, कुणी खुर्चीच्या पायांवर फळी ठोकून टेबल करी. आप्पांनी त्या वर्षी कॉम्प्युटर निवडला. नटुभाईंनी त्यांच्यासमोर प्लग लावून पाहिला, काही हललं नाही, मग काट्यावर ठेवून त्यांनी पास फाडून दिला. आप्पांनी तो सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधून घरी आणला आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "तुले पाह्यजे होता ना? घे. आत काही आहे का नही ते तूच पाह्य."

आम्ही तेव्हा सिल्वासाजवळ नरोलीत दहा खोल्यांच्या एका रांगेत राहत होतो. वर पत्रे, पुढे एक नळ, आणि दहा खोल्यांत मिळून पाच-सहा भाषा. आम्ही अमळनेरकडचे, एका बाजूला बिहारचे दोघे भाऊ, दुसरीकडे ओडिशाचं कुटुंब. मागच्या भिंतीपलीकडे कंपन्याच कंपन्या होत्या. त्यांची घरघर दिवसरात्र चालायची आणि ती थांबली तरच आम्हाला कळायचं की ती चालू होती. माय, म्हणजे माझी आई, त्या घरघरीच्या वर आवाज काढून बोलायची. तिची ती सवय गावी गेल्यावरही गेली नाही, त्यामुळे आमच्या नातेवाइकांना वाटायचं की सिल्वासात राहून ही भांडखोर झाली. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करायची, वर मिरचीचा ठेचा, आणि रविवारी शेवेची भाजी. ठेच्याचा ठसका शेजारच्या बिहारी भावांना रोज लागायचा, पण एकदा चव घेतल्यावर ते स्वतःहून वाटी घेऊन दारात यायला लागले. उन्हाळा तोंडावर आला की ती ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, घालायची आणि नरोली ते गलोंड्यापर्यंतची खानदेशी घरं ते तिच्याकडून विकत न्यायची. रूमवाल्यानं प्रत्येक खोलीला एक ट्यूब आणि एक पंखा एवढीच परवानगी दिली होती. तिसरं काही लावलेलं दिसलं तर तो मीटरच्या पेटीपाशी उभा राहून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा बोलायचा.

मला कॉम्प्युटर कशाला हवा होता, असं तेव्हा मला सगळेच विचारायचे. शाळेत होता की. होता, अकरा होते, एका खोलीत, गुलाबी कापडाच्या झालरी लावलेल्या झाकणांखाली. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ चढायची, आणि पाहुणे आले की कुलूप उघडायचं. आमच्या बाई रत्नागिरीच्या, मायाळू बाई होत्या, पण त्या खोलीत शिरल्या की त्यांचा चेहराच बदले. "हात लावायचा नाही हं कोणी," त्या म्हणायच्या, "बिघडला तर पंचनामा माझा होतो." तासाला एका खुर्चीवर तिघं बसत आणि माउस नेहमी मुलाच्या हातात. मी वर्षभर कॉम्प्युटर शिकले म्हणजे वर्षभर दुसऱ्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. परीक्षेत मला त्या विषयात वर्गात सर्वांत जास्त मार्क पडले. ज्या वस्तूला कधी हात लावला नाही तिच्यात मी पहिली आले, आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांची शरम वाटली. मला माझ्या हाताखाली एक मशीन हवं होतं, एवढीच साधी गोष्ट होती.

आप्पांनी आणलेल्या डब्याचं झाकण उघडलं तेव्हा आत कॉम्प्युटर दिसेना. धाग्याची कंपनी ती, हवेत सतत बारीक तंतू उडायचे, आणि त्यावर कातण्याच्या तेलाचा हात फिरलेला. आत राखाडी गादीच तयार झाली होती. प्रोसेसरवरचा पंखा त्या गादीत असा गच्च रुतला होता की बोटानं ढकलला तरी फिरेना. मी आप्पांचा जुना दाढीचा ब्रश आणि मायची विणायची सुई घेऊन तीन दिवस ते काढत बसले. माय म्हणाली, एवढ्या तंतूंची उशी भरली असती. साफ केल्यावर कळलं की हार्ड डिस्क कंपनीनं आधीच काढून घेतली होती, रॅमच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या आणि पॉवर सप्लायला जळका वास येत होता. शाळेच्या लायब्ररीत हार्डवेअरचं एक इंग्रजी पुस्तक होतं, पुढची वीसेक पानं कुणीतरी फाडून नेलेली. उरलेल्या पानांत लिहिलं होतं की पॉवर सप्लायची हिरवी तार आणि काळी तार जोडली तर त्याचा पंखा फिरायला हवा. मी हेअरपिन वाकवून जोडली. फिरला नाही. म्हणजे तो मेला होता, आणि हे मी कुणालाही न विचारता शोधून काढलं होतं. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा पुढे नोकरीच्या ऑर्डरचाही झाला नाही.

डोकमर्डीत परेशभाईंचं दुरुस्तीचं दुकान होतं. मी विचारायचे आणि ते उत्तर आप्पांना द्यायचे. मी म्हणायचे, जुना काढलेला पॉवर सप्लाय आहे का, आणि ते आप्पांकडे बघून म्हणायचे, "भाई, इस खटारे के पीछे पैसा मत डालो. बेबी को क्लास में डाल दो, सर्टिफिकेट मिलेगा." आप्पांना तर त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते फक्त माझ्याकडे बोट दाखवत. तिसऱ्या फेरीला मी काउंटरवर तो मेलेला पॉवर सप्लाय आणि हेअरपिन ठेवली आणि तारा जोडून दाखवल्या. परेशभाईंनी हेअरपिन उचलून पाहिली आणि ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले, "किसने सिखाया?" त्यानंतर मात्र त्यांनी मला फसवलं नाही, हे सांगायला हवं. जुन्यातला चांगला माल बाजूला ठेवून ते आप्पांकडे निरोप देत. रॅमची एक पट्टी त्यांच्याकडून आली, मॉनिटर त्यांच्याकडून आला, उजव्या कडेला एक हिरवी रेघ कायमची असलेला. हार्ड डिस्क आम्ही वापीच्या जुन्या बाजारातून आणली. पैसा कुठून आला म्हणाल तर माझं दहावीचं बक्षीस आणि मायचे बिबडे. प्रत्येक गोष्टीची पावती मी मागून घेतली, कारण बक्षीस शाळेचं होतं आणि शाळा कधी हिशेब मागेल याचा नेम नव्हता.

होळीनंतरच्या एका रविवारी दुपारी ते चालू झालं. त्याआधी दोन रविवार त्यानं नुसत्या लांब लांब शिट्ट्या मारल्या होत्या आणि शेजारच्या खोलीतली बाळं रडायला लागली होती. त्या दिवशी मी रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडा खोडरबरानं घासल्या, पुन्हा दाबून बसवली, आणि या वेळी एकच छोटी शिट्टी आली. ट्यूब बंद, पंखा बंद, कारण रूमवाला. माय वहीच्या पुठ्ठ्यानं मला आणि कॉम्प्युटरला आळीपाळीनं वारा घालत होती. पडद्यावर अक्षरं आली, हिरव्या रेघेच्या अलीकडे. आप्पा मागे उभे होते. ते म्हणाले, "हे तेच का, मी आणेल?" मी म्हटलं, तेच. त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. मग ते बाहेर गेले आणि रांगेतल्या दहाही खोल्यांत सांगून आले. माउस माझ्या एकटीच्या हातात होता. घामानं तो घसरत होता तरी मी सोडला नाही.

आता आप्पांनी काय केलं ते सांगते. आमच्याकडे नवी सायकल आली, पंप आला, म्हैस व्याली, तरी पेढे वाटतात. आप्पांनी सोमवारी कंपनीत पेढे नेले. पॅकिंगमध्ये वाटले, स्टोअरमध्ये वाटले, आणि खोका घेऊन थेट ॲडमिनसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, आपल्या भंगारातला कॉम्प्युटर पोरीनं चालू केला," असं सांगून पेढे पुढे धरले. साहेबांनी पेढा घेतला. आप्पा सांगतात, दोन घेतले. दोन पेढे खाऊन, तोंड पुसून त्या माणसानं दुपारी नोटीस काढली की कंपनीचं चालू मशीन बंद दाखवून बाहेर नेण्यात आलं आहे. आप्पांचं हजेरी कार्ड काढून घेतलं. कारण काय, तर जे चालतं ते भंगार नव्हे, आणि जे भंगार नव्हे ते पासवर भंगार लिहून नेलं म्हणजे चोरी. पाच महिने मी त्यात जे ओतलं ते त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं. पॅकिंगवाल्याची पोर मशीन दुरुस्त करू शकते हे त्यांच्या डोक्यात शिरण्यापेक्षा पॅकिंगवाला चोर आहे हे शिरणं सोपं होतं. पंचवीस वर्षं उलटून गेली, मी आज सिल्वासातल्याच एका ऑफिसात कॉम्प्युटरची देखभाल बघते, आणि अजूनही एखादं बंद मशीन मी चालू केलं की कुणीतरी हमखास विचारतं, मॅडम, ते मुळात बिघडलं होतं का नक्की? तेव्हा मी काय उत्तर देते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नटुभाई आमच्या खोलीवर आले. त्यांना आम्ही कधी कंपनीबाहेर पाहिलं नव्हतं. मायनं चहा ठेवला. ते खाटेच्या कडेवर टेकले आणि कॉम्प्युटरकडे बघत राहिले. "दीकरी, मैंने खुद प्लग लगाया था," ते म्हणाले, "बंद था ने?" मी म्हटलं, बंदच होता नटुभाई, पॉवर सप्लाय जळला होता. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी आप्पांना सांगितलं की साहेब माफीनामा टाइप करून घेत आहेत. त्यावर आप्पांनी सही केली की मशीन चालू होतं हे कबूल झालं, आणि मग 'बंद हालत' लिहिणारे नटुभाई खोटे ठरले. त्यांना रिटायर व्हायला दोन महिने होते. सव्वीस वर्षांचं जे काही मिळायचं ते या एका कागदावर अडलं असतं. "मैं कुछ माँगने नहीं आया," ते म्हणाले, "तुम्हारे घर में भी पोरी है. जो ठीक लगे वो करना." चहा अर्धा टाकून ते गेले.

गुरुवारी आम्हाला मशीन घेऊन बोलावलं. आप्पांनी पुन्हा तीच सायकल, तीच सुतळी घेतली, आणि मॉनिटर मी पोटाशी धरून चालत नेला. माझ्या पिशवीत पावत्या होत्या, स्क्रू ड्रायव्हर होता आणि माझी खात्री होती की दहा मिनिटांत सगळं मिटेल. केबिनमध्ये एसी होता. साहेबांनी ऑफिसातल्या ऑपरेटरला मशीन लावायला सांगितलं. लावलं, चालू झालं. "देखो," साहेब आप्पांना म्हणाले, "चल रहा है."

"चलेगा ही," मी म्हटलं, "मैंने चलाया है."

"बेटी, तू बैठ. पापा से बात चालू छे."

मी बसले नाही. मी झाकण उघडलं आणि एकेक दाखवत गेले, हा पॉवर सप्लाय, ही त्याची पावती. ही हार्ड डिस्क, ही पावती. तुमचं यात एवढंच आहे, हा पत्रा आणि हा बोर्ड, तोही तंतूंनी बुजलेला होता. त्या ऑपरेटरला कळत होतं. तो माझ्या बोटाकडे बघत होता आणि एकदा त्यानं तोंडही उघडलं, पण साहेबांनी त्याच्याकडे बघितल्यावर मिटलं. साहेबांनी पावत्या हातातही घेतल्या नाहीत. "पावती तो किसी की भी हो सकती है," असं म्हणून त्यांनी टाइप केलेला कागद आप्पांपुढे सरकवला. 'मैंने कंपनी का चालू कम्प्यूटर बंद बताकर बाहर निकाला. मैं माफी चाहता हूँ.' वर त्यांचं पेन ठेवलं. "साइन करो, मशीन ले जाओ, कल से ड्यूटी पे आओ. साइन नहीं करना तो मशीन इधर छोड़ो, मैं लिख दूँगा माल वापस आ गया. मेरे को क्या, फाइल बंद होनी चाहिए." फाइल बंद करायला त्यांना एक तर माफी लागत होती, नाही तर माल. कंपनीचीच चूक झाली असं लिहायला त्या फाइलीत जागा नव्हती.

आप्पांनी कागद वाचला. ते वाचताना ओठ हलवत, त्यामुळे कुठल्या शब्दापर्यंत आले ते मला कळत होतं. 'माफी'पाशी ते थांबले. मग त्यांनी विचारलं, "इसमें नटुभाई का क्या होगा, साहेब?"

"वो कंपनी देखेगी."

आप्पांनी पेनला टोपण लावलं आणि ते कागदावर आडवं ठेवलं. "मग मशीन राहू द्या," ते म्हणाले. हिंदी सुटून मराठीतच बोलले. "सही नही देत मी."

मी म्हटलं, "आप्पा, यातलं काहीच यांचं नही." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी साहेबांना म्हटलं, निदान माझी डिस्क आणि रॅम काढून घेऊ द्या. साहेब म्हणाले, जैसा है वैसा रहेगा, सबूत है. आणि आप्पांना म्हणाले, समझदार आदमी हो. माझा स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या टेबलावर पडला होता. तो उचलायला गेले तर तोही माझा आहे हे सांगावं लागलं.

हजेरी कार्ड परत मिळालं आणि आप्पा दुसऱ्या दिवसापासून कामावर गेले. नटुभाई दोन महिन्यांनी हार घालून, सगळं मिळवून रिटायर झाले. साहेबांनी सबूत म्हणून ठेवलेलं मशीन काही दिवसांनी गेटवर आलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नोंदी त्यावर व्हायला लागल्या. आप्पा रोज त्याच्यासमोरून आत जायचे. हिरवी रेघ अजून आहे, असं त्यांनी एकदा घरी सांगितलं तेव्हा मायनं ताट आपटलं. लोक मला सांगतात, जाऊ दे, आता काय त्याचं. मी विचारते, कुठे जाऊ देऊ? त्या माणसानं एक शब्द मागे घेतला नाही. चोरीचा माल म्हणून माझ्याकडून हिसकावलेली वस्तू त्यानं वर्षानुवर्षं बिनदिक्कत वापरली, आणि त्यात माझी पावतीवाली डिस्क फिरत राहिली. यात चोर कोण, हे अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

पण ज्या रागाबद्दल मला खरं लिहायचं आहे तो त्या दिवशी परतीच्या रस्त्यावरचा आहे. आप्पा रिकामी सायकल हातात धरून चालत होते, मी शेजारी. ट्रक अगदी जवळून जात होते, त्यामुळे बोलायचं तर ओरडावं लागत होतं. आप्पा म्हणाले, "पोरी, नटुभाईचे दोन महिने राहिले होते." मला ते माहीत होतं. मला हेही कळत होतं की त्यांच्या जागी दुसरं काही करता येत नव्हतं. तरी मी म्हटलं, "मले विचारलं का तुम्ही? एकदा तरी? ते माझं होतं. सही तुमची होती, ती तुम्ही ठेवली. मशीन माझं होतं, ते तुम्ही देऊन टाकलं."

आप्पा थांबले. एक ट्रक जाऊ दिला. मग म्हणाले, "नही विचारलं." आणि थोड्या वेळानं, "विचाराले पाह्यजे होतं. चुकलं माझं. माफ कर."

त्या केबिनमध्ये नोकरी टांगणीला लागली असतानाही जो शब्द त्यांनी लिहून दिला नव्हता, तो त्यांनी मला रस्त्यात उभं राहून दिला. सतरा वर्षांच्या पोरीला. मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. साहेबांवर राग काढता येत नव्हता आणि आप्पा समोर होते, म्हणून मी तो सगळा त्यांच्यावर काढला आणि पुढे चालायला लागले. घर येईपर्यंत मी त्यांच्या दहा पावलं पुढे होते. आप्पांनी सायकलवर टांग टाकली असती तर मला एका मिनिटात गाठलं असतं. ते सायकल हातात धरून, माझ्या मागे, तेवढंच अंतर ठेवून चालत राहिले.